‘वकील’ लिहिता येतं, ‘याचिका’ नाही: बटणांचा स्मार्टफोन आठ महिने वापरल्यावर

टायपिंगचा वेग वाढेल म्हणून कीबोर्डवाला फोन घेणार असाल, तर घेऊ नका. वेग वाढत नाही. २०१९ साली आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे ३७ हजार लोकांचं मोबाइलवरचं टायपिंग मोजलं, तेव्हा सरासरी मिनिटाला ३६ शब्द निघाली होती. बटणांवर तेवढ्यापर्यंत पोचायलाच पाच-सहा आठवडे लागतात आणि पहिल्या दोन आठवड्यांत तर काचेवरचाच बरा होता असं रोज वाटतं. फायदा आहे तो वेगळा. अर्धा स्क्रीन कीबोर्डखाली जात नाही, बोट कोणत्या बटणावर आहे ते न बघता कळतं, आणि रोमन लिपीत लिहिलेल्या ‘वकालतनामा’चं ऑटोकरेक्ट भलतंच काही करून ठेवत नाही.

हा वापर मार्च ते ऑक्टोबरचा, म्हणजे नागपुरातला उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही धरून. काम वकिली कार्यालयाचं: उच्च न्यायालयाचं खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय, पक्षकारांचे मेसेज, ईमेल, तारखा, ऑर्डरच्या पीडीएफ. मसुदे यात धरलेले नाहीत. फोनवर मसुदा करू पाहणाऱ्याने आधी लॅपटॉप घ्यावा. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढच्या बहुतेक अडचणी या जातीच्या कुठल्याही फोनवर येणारच.

मुळात ही जात आता फार लहान उरली आहे. ब्लॅकबेरी की-टू भारतात जुलै २०१८ मध्ये ४२,९९० रुपयांना आला होता. ४.५ इंची स्क्रीन, ६ जीबी रॅम आणि अँड्रॉइड ८.१, त्यापुढची आवृत्ती त्याला मिळालीच नाही. हे फोन बनवणाऱ्या टीसीएल कंपनीने ब्लॅकबेरीच्या नावाचे फोन विकणं ३१ ऑगस्ट २०२० ला थांबवलं. सेकंडहँडमध्ये तो अजून दिसतो आणि त्याची बटणं हाताळून मोह होतो, पण ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि पक्षकारांचे कागद राहणार तो इतक्या जुन्या आवृत्तीवर वापरणं शहाणपणाचं नाही. नव्यात युनिहर्ट्झचा टायटन-टू आहे, २०२५ चा: ४.५ इंची पूर्ण चौकोनी स्क्रीन, अँड्रॉइड १५. याच कंपनीचा पहिला टायटन ३०० ग्रॅमच्या वर भरायचा. शर्टाच्या खिशात तो ठेवून वाकलं की फोन आधी खाली. आयफोनवाल्यांसाठी क्लिक्सचं कीबोर्ड असलेलं कव्हर २०२४ पासून मिळतं, पण त्याने फोन इतका लांब होतो की वजन वरच्या बाजूला जातं आणि अंगठ्यांना तोल सांभाळत टाइप करावं लागतं.

आता आकड्यांचं. ब्लॅकबेरीच्या मांडणीत आकड्यांची वेगळी ओळ नसते. डब्ल्यू-ई-आर वर १-२-३, एस-डी-एफ वर ४-५-६, झेड-एक्स-सी वर ७-८-९, आणि शून्य खालच्या ओळीत. हे आकडे-चिन्हं आणणारं ऑल्टचं बटण एकदा दाबलं तर फक्त पुढचा एक आकडा येतो, दोनदा दाबलं तर ऑल्ट लॉक होतं. वकिली कामात याची खरी परीक्षा सीएनआरवर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या स्वतंत्र क्रमांकावर होते. तो १६ खुणांचा असतो: आधी चार रोमन अक्षरं, मग बारा अंक. ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांच्या सरकारी ॲपमध्ये तो टाकताना चार अक्षरं, ऑल्ट-ऑल्ट, बारा अंक असा क्रम एकदा बोटांत बसला की काचेपेक्षा हे कितीतरी निर्धास्त, कारण काचेवर ‘६’च्या जागी ‘५’ पडलेला डोळ्यांना लगेच कळत नाही. चूक होते ती वेगळ्या जागी: लॉक सोडायचं राहतं आणि पुढचा मेसेज ‘४’ आणि ‘२’ ने सुरू होतो. लॉक लागलं की स्क्रीनवर खूण दिसते, ती बघायची सवय लावून घ्या. यूपीआयचा पिन मागणारं पान स्वतःचं आकड्यांचं पॅड स्क्रीनवर आणतं. तिथे बटणांचा उपयोग नाही.

मराठीची गोष्ट मात्र नीट समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. परीक्षणांत या भागाबद्दल अवाक्षर नसतं, कारण ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी केलेली असतात.

इन्स्क्रिप्ट ही भारतीय लिपींसाठीची प्रमाण मांडणी तशी अंगठ्यांसाठीच केल्यासारखी आहे. काना-मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. ‘नागपूर’ लिहिताना उजवा अंगठा ग, प, र देतो, डावा काना आणि ऊकार. दोघं आलटून पालटून चालतात आणि लय लागते. घोडं अडतं ते बटणांच्या संख्येवर. मोठ्या कीबोर्डवर इन्स्क्रिप्टची बरीच अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या बाहेरच्या बटणांवर बसलेली आहेत: ‘च’ अर्धविरामावर, ‘ट’ अवतरणचिन्हावर, ‘ड’ चौकोनी कंसावर, ‘य’ तिरप्या रेघेवर. फोनच्या कीबोर्डवर ही बटणंच नाहीत. त्यांच्यासोबत शिफ्टवरचे छ, ठ, ढ जातात, ष आणि ञ जातात, आणि आकड्यांच्या ओळीवरचे ऋकार आणि ॲ जातात. म्हणजे ‘वकील’ लिहिता येतं, ‘अर्ज’ लिहिता येतो, ‘नागपूर’ आणि ‘संत्रा’ही जमतात. ‘याचिका’ जमत नाही, ‘कोर्ट’ जमत नाही. नावाआधीचं ‘ॲड.’ तर दोन्ही अक्षरांनी गेलं.

उपाय आहे, पण त्याला बटणांची मांडणी स्वतः बदलू देणारं कीबोर्ड ॲप लागतं. मराठीला न लागणाऱ्या जागा आधी रिकाम्या करा. इन्स्क्रिप्टमध्ये झेडवर जो ऱ्हस्व एकार आहे तो मराठीत लागत नाही. तिथे ‘य’ बसवा, कारण ‘य’ इतकं वारंवार येतं की त्याला ऑल्ट परवडत नाही. बाकीची अक्षरं ऑल्टवर, पण चिन्हं बघून. पी वरचं ॲट, ओ वरचं अधिक आणि यू वरची अधोरेघ मराठी मजकुरात लागत नाहीत. तिथे अनुक्रमे च, ड, ट. शिफ्टसकट तीच बटणं दाबली की छ, ढ, ठ. शिफ्ट-व्ही आणि शिफ्ट-बी वर इन्स्क्रिप्टमध्ये नुक्त्याचा न आणि तमिळ-मल्याळममधला ऴ असतो. त्या जागी ष आणि ञ आले की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ पाय मोडून तयार करता येतात. राहिलेले ॲ, ऑ आणि ऋकार क्यू आणि ए वर ऑल्टसकट. आकडे असलेल्या नऊ बटणांच्या ऑल्टला हात लावायचा नाही, नाहीतर तारीख लिहिणं बंद. ही मांडणी बोटांत बसायला महिना जातो.

एवढी खटपट नको असेल तर रोमनमधून मराठी करणारा कीबोर्ड स्क्रीनवर आणता येतो. सेटिंग्जमध्ये फिजिकल कीबोर्डखाली ‘ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवा’ असा पर्याय असतो. पण मग आधीच आखूड असलेला स्क्रीन काचेवरचा कीबोर्ड खातो, खाली खरी बटणं रिकामी बसतात आणि मजकुराच्या तीन-चार ओळी उरतात. दोन्हीकडून नुकसान. शिवाय रोमनमधून मराठी करताना ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होतं की नाही ते दरवेळी बघावं लागतं. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ऱ’ला शिफ्ट-जे अशी स्वतंत्र जागा आहे, तिथे हा घोळ होत नाही. बोलून मराठी टाइप करणं लांब मेसेजला चांगलं चालतं, पण कोर्टाच्या व्हरांड्यात पक्षकाराचं प्रकरण मोठ्याने कोण बोलणार?

निम्म्याहून जास्त लिखाण देवनागरीत असेल तर हा फोन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंग्रजी मेल जास्त असतील तर विचार करा.

शॉर्टकट ही या फोनची खरी चैन. की-टूवर २६ अक्षरांना प्रत्येकी एकदा टिचकी आणि एकदा दाबून धरणं असे ५२ शॉर्टकट देता यायचे; आताच्या फोनवरही याच धर्तीची सोय आहे. सगळे नेमू नका, आठवत नाहीत. सात-आठ पुरे: सी ला कॅलेंडर, ई ला ई-कोर्ट्स, डब्ल्यू ला व्हॉट्सॲप, एस दाबून धरलं की स्कॅनर. फोनमध्ये सोय नसेल तर की मॅपरसारखं ॲप घालता येतं, पण ते ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे इतर ॲप्समध्ये काय चाललंय ते बघण्याची परवानगी मागतं, आणि ती चालू दिसली की बँकांची काही ॲप्स इशारा देतात किंवा उघडतच नाहीत. पैसे पाठवण्याआधी परवानगी बंद, नंतर परत चालू, हे रोज करावं लागेल. त्यापेक्षा फोनच्या स्वतःच्या शॉर्टकटवर भागवावं.

चौकोनी स्क्रीनवर ए-फोर पानाची रुंदी बरी मावते, ऑर्डर वाचताना कमी झूम करावा लागतो. पण ॲप बनवणाऱ्यांनी लांबट स्क्रीन गृहीत धरलेला असतो. फॉर्मच्या तळाचं ‘सबमिट’ दिसतच नाही, किंवा अटींची चौकट पुढे सरकत नाही. सेटिंग्जमधला ‘डिस्प्ले साइझ’ एक पायरी कमी केला की बहुतेक ठिकाणी सुटतं. अक्षरांचा आकार कमी करून ते होत नाही, ते वेगळं सेटिंग आहे.

आता ऊन. बहुतेक फोनच्या माहितीपत्रकात वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं हवामान सांगितलेलं असतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते, म्हणून गाडीच्या डिक्कीतून काढलेला फोन लगेच चार्जरला लावला तर तो चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. हा बिघाड नाही. सावलीत पंधरा-वीस मिनिटं ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत ओल धरते. घामाचा त्रास मात्र फक्त याच फोनचा. ज्या कीबोर्डवर बोट फिरवून स्क्रोल करता येतं, त्यावर ओला अंगठा नुसता टेकला तरी कर्सर पळतो आणि वाक्य मधूनच तुटतं. मे-जूनमध्ये ही सोय बंद ठेवलेली बरी.

धूळ आणि घाम मिळून दुसरा रोग होतो: एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटतं. प्रत्येक बटणाखाली धातूची बारीक वाटी असते. ती दबली की जोड मिळतो. जोडावर धूळ किंवा ओल बसली की तो मिळून-तुटून परत मिळतो, आणि फोन त्याला दोन टिचक्या समजतो. स्पेस, ई आणि ए ही बटणं आधी जातात. फोन बंद करा, उलटा धरून मऊ ब्रशने फटींमधली धूळ काढा, मग कापसाला थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून बटणाच्या कडांवरून फिरवा. ओतायचं नाही. अर्धा तास वाळू द्या. एवढ्याने सुधारलं नाही तर वाटी सैल झाली आहे असं समजा, आणि त्यावर उपाय म्हणजे अख्खा कीबोर्ड बदलणं. सुट्टं बटण बदलून मिळत नाही. नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्क्रीन आणि बॅटरीचं काम होतं, पण या फोनचा कीबोर्ड तिथे मिळेल अशा आशेवर राहू नका. बाहेरून मागवावा लागतो आणि तोवर दुसरा फोन लागतो. तयार टेम्पर्ड ग्लासही मिळत नाही. हायड्रोजेल गार्ड, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची लवचीक फिल्म, मशीनवर मापाने कापून घ्यावं, आणि खालची कड बटणांच्या पहिल्या ओळीला लागत नाही ना ते तिथेच बघावं. लागली तर आठवड्याभरात अंगठ्याने उचकटते.

बाहेरून मागवताना नेटवर्कचे बँड, म्हणजे फोन कोणत्या लहरी पकडतो ते, तपासा. जिओला ४जी साठी ३, ५ आणि ४० लागतात, ५जी साठी एन-२८ आणि एन-७८. एअरटेलला ४जी साठी १, ३, ८, ४०. बँड जुळले तरी व्होल्टी, म्हणजे ४जी वरून कॉल करण्याची सोय, चालेलच असं नाही, आणि जिओवर २जी-३जी नसल्यामुळे व्होल्टी नाही तर साधा कॉल नाही. ज्याच्याकडे तोच फोन आणि तेच सिम आहे त्याला विचारूनच पैसे भरा. कस्टम ड्युटी आणि जीएसटी किमतीवर वेगळे.

सेकंडहँड घेत असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजीत केवायएम, मधे जागा, मग तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवा; नंबर काळ्या यादीत असेल तर कळतं. मग नोट्स उघडून प्रत्येक बटण वीस वेळा दाबा आणि उमटलेली अक्षरं मोजा. एकवीस आली तर फोन परत द्या.