गालिचा ब्रून्सचा की ग्रेचा?

१९२०च्या दशकात पॅरिसमध्ये गालिच्यांवरची वेलबुट्टी मागे पडली आणि सरळ रेघ पुढे आली. इव्हान द सिल्वा ब्रून्स आणि आयलीन ग्रे हे तिथले दोन गालिचे-रचनाकार. दोघांवरही मोरोक्कोतल्या विणकामाचा प्रभाव. पण वाटा वेगळ्या.

ब्रून्सचा गालिचा भारदस्त. जाड लोकर, गाठींची वीण, तपकिरी-विटकरी-काळे रंग, एकमेकांत शिरलेले कोन आणि कडेला चक्क विणलेली सही. इंदूरच्या दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी माणिकबाग महालासाठी त्याच्याकडूनच गालिचे करून घेतले. (होळकर म्हटलं की आपल्याला घोडदळच आठवतं!) असा गालिचा मोठं दालन मागतो, आणि भोवती सामान कमी. फुलाफुलांचा सोफा शेजारी ठेवलात तर दोघांचंही वाटोळं.

ग्रे हात राखून काढते: मोकळा रंग, दोन-चार रेघा, एखादा आकडा. भूमध्य समुद्रकाठच्या ‘ई-१०२७’ या स्वतः आखलेल्या घरासाठी तिने असेच गालिचे केले. लहान खोलीत ते जागा खात नाहीत. मात्र मोकळ्या भागावर चहा सांडला, तर डाग लपायला नक्षीच नाही.

तरी दोन खोल्यांच्या फ्लॅटसाठी मी डोळे मिटून ग्रेच्या धाटणीचाच घेईन.