निळी ज्योत दाखवून गळ्यात मारलेली फेणी

गेल्या मे महिन्यात पुतण्याच्या हळदीसाठी बांद्याजवळच्या एका माणसाकडून आम्ही काजू फेणीचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेतले. ना लेबल, ना पावती. ती चूक आमचीच. 'स्वतःच्या भट्टीची आहे, काका,' म्हणाला. तरी मी तपासून दाखवायला सांगितलं. त्याने ग्राव, म्हणजे दारूचा कडकपणा, मोजायची काचेची नळी फेणीत सोडली, १९ चा आकडा दाखवला. मग चमचाभर फेणी पेटवली. 'निळी ज्योत बघा. चोख माल.' मी पैसे मोजून दिले.

दुसरा कॅन रात्री उशिरा फोडला, तो धाकट्या भावानेच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला उलट्या सुरू झाल्या. रात्रीची उतरली नसेल, असं समजून आम्ही लिंबूपाणी देऊन त्याला झोपवलं. उन्हं अजून भिंतीवर होती तेव्हा तो म्हणाला, 'दादा, खोलीत धुकं कसलं?'

फेणीत मिथेनॉल होतं, म्हणजे विषारी अल्कोहोल. रातोरात डायलिसिस करावं लागलं. जीव वाचला, पण नजरेच्या मधोमध काळा डाग राहिला आहे. ताटातली भाकरी तो चाचपून उचलतो.

त्या दोन्ही तपासण्या फसव्या, हे नंतर कळलं. नळी फक्त घनता मोजते. इथेनॉलची, म्हणजे पिण्याच्या दारूतल्या अल्कोहोलची, घनता ०.७८९, मिथेनॉलची ०.७९२, नळीला फरक कळणार कसा? ज्योत दोघांचीही निळीच. वास-चवीवरूनही ओळखू येत नाही. खरी झटपट चाचणी प्रयोगशाळेतली: परमँगनेटने मिथेनॉलचं फॉर्मल्डिहाइड करायचं, मग तीव्र सल्फ्युरिक आम्लात क्रोमोट्रॉपिक आम्ल घातलं की जांभळा रंग येतो. पोटात गेल्यावर यकृतही तेच फॉर्मल्डिहाइड बनवतं, पुढे त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. सोबत साधी दारू असली की ही क्रिया लांबते, म्हणून माणूस अर्धा-एक दिवस ठीक वाटतो. २०१५ साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली, ती याच विषाने.

पिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी, धाप किंवा धूसर दिसणं असं काही झालं तर डायलिसिसची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा आणि काय प्यायलं ते न लाजता आधी सांगा. उरलेली दारू ओतू नका, सोबत न्या. आमचा कॅन वहिनी संतापाने मोरीत ओतत होती. तळाशी उरलेल्या अर्ध्या लिटरवरूनच अहवाल आला.