हलकी मॅग्नम, आठ महिने, ३१२ राउंड आणि एक पत्र्याचा डबा

रायफल दुसऱ्यांदा सर्व्हिसहून परत आली. दोन्ही वेळचा जाण्या-येण्याचा खर्च माझ्या खिशातून गेला, म्हणून हे लिहायला बसलोय. सगळं गोड झालं असतं तर लिहिलं नसतं.

.३०० विन्चेस्टर मॅग्नम (हे काडतुसाचं नाव, मॅग्नम म्हणजे जास्त बारुदीचं), कार्बनची नळी, कार्बनचा दस्ता (नळी ज्यात बसते तो खांद्याला टेकणारा भाग). बाकी आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात आहेत, ते इथं उतरवत नाही. आधी माझ्याकडे .३०८ ची (हे कमी ताकदीचं काडतूस) सहा किलोची रायफल होती. डोंगर चढत लक्ष्यं गाठायच्या स्पर्धेत ती खांद्यावर घेऊन दिवसभर फिरलो आणि दुसऱ्या दिवशी मान वळेना. म्हणून ही २ किलो ९०० ग्रॅमची घेतली.

आता गंमत बघा. घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवली. स्कोप ७२० ग्रॅम, तो बसवायच्या रिंगा १३०, बायपॉड (पुढची दोन पायांची घोडी) ४००, खांद्याचा पट्टा १५०, मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसणारा, धक्का कमी करणारा तुकडा) ११०, तीन राउंड म्हणजे काडतुसं १००. बेरीज साडेचार किलोच्या वर. म्हणजे आधी पैसे मोजून वजन उतरवलं आणि मग पुन्हा पैसे मोजून तेच चढवलं. तरी जुनीपेक्षा दीड किलो कमी आहे हे खरं, आणि चढावर तो दीड किलो जाणवतो हेही खरं.

पहिले दोन महिने मी हिच्या प्रेमात होतो. १०० मीटरवर तीन गोळ्यांचे ग्रुप (म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा फैलाव) २०-२२ मिलिमीटरचे यायचे. एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे तिथं २९ मिलिमीटर, कंपनीचा वायदा तेवढाच, तोही तीनच गोळ्यांचा. (तीन गोळ्यांच्या वायद्यात काही दम नसतो. पाच मारल्या की तोच ग्रुप कितीतरी सैल होतो. पण तेव्हा मला हे ऐकायचं नव्हतं.)

धक्क्याबद्दल थोडं. गोळी तीच, बारूद तेवढीच, तर रायफलीचं वजन निम्मं केलं की धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. साडेअकरा-बारा ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरनं सुटते, तेव्हा चार किलोच्या रायफलीत साधारण ३५ ज्यूलचा धक्का बसतो. त्याच वजनात .३०८ चा धक्का याच्या जवळपास निम्मा. दुकानात हातात घेतल्यावर ‘वा, काय हलकी आहे’ म्हणताना हे कुणाला आठवत नाही. मलाही नाही आठवलं. डोळा आणि स्कोप यांच्यात नव्वद मिलिमीटर तरी अंतर ठेवा. मी एकदा आडवं पडून मारताना पुढे सरकलो होतो, भुवईवरची खूण अजून आहे.

तिसऱ्या महिन्यात एका स्पर्धेत पाऊस लागला. घरी येऊन दस्ता काढला, पुसलं, वाळवलं आणि पुस्तिकेत लिहिलंय तसे टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरानं कसणाऱ्या) दस्ता धरून ठेवणारे दोन्ही स्क्रू सात न्यूटन मीटरवर कसले. पुढच्या वेळी रेंजवर गेलो तर ग्रुप ५५ मिलिमीटर. तोही दोन गटांत, दोन वर आणि तीन खाली.

पहिला संशय कार्बनच्या नळीवर गेला. आत पोलादाची पातळ नळी, वरून कार्बनचं वेष्टण, म्हणजे तापली की वाकत असणार असं मी ठरवून टाकलं. बाहेरून हात लावला की गार लागते खरी, पण त्यावरून आतला भाग गार आहे असं मुळीच नाही. तर प्रत्येक गोळीनंतर दहा मिनिटं थांबलो. ग्रुप तसाच. नळी निर्दोष निघाली, आणि तिच्याबद्दल मित्रांत जे बोललो होतो ते परत घ्यावं लागलं.

मग रायफल सर्व्हिसला पाठवली. तीन आठवड्यांनी परत आली, सोबत चिठ्ठी: तीन गोळ्यांचा ग्रुप वायद्यात बसतो, धक्का सांभाळून मारावं. थोडक्यात, नाचता येईना अंगण वाकडं. दस्ता त्यांनी काढला होता का, आणि परत बसवताना स्क्रू कितीवर कसले, याबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नाही.

चीड आली, पण शंकाही आली. मित्राला म्हटलं, मी पाठ फिरवतो, तू मॅगझिन भर, मधेच डमी, म्हणजे बारूद नसलेला राउंड घाल. दुसऱ्याच वेळी डमी आला. ट्रिगर दाबला, टक् असा आवाज, आणि नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं. धक्का आलाच नव्हता, मी मात्र आधीच दचकलो होतो. मित्र काही बोलला नाही, नुसता हसला. म्हणजे चिठ्ठी निम्मी खरी होती, आणि ते जास्त झोंबलं.

तरीही तो दोन गटांचा ग्रुप नुसत्या दचकण्यानं आला असेल हे काही डोक्यात बसेना. एका रात्री रायफल रिकामी केली, बोल्ट (राउंड आत ढकलणारा मागचा सरकता दांडा) काढून बाजूला ठेवला, दस्त्याच्या टोकाशी नळी आणि दस्ता यांच्या फटीवर बोट टेकवलं आणि दुसऱ्या हातानं पुढचा स्क्रू हळूहळू सैल केला. बोटाखाली नळी उसळली. ती हलायलाच नको होती. ॲक्शन (नळीमागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) दस्त्यात निवांत बसली असेल तर स्क्रू सैल करताना काही जाणवत नाही. इथं काहीतरी दाबून धरलं जात होतं.

दस्ता काढला आणि मॅगझिनचा, म्हणजे राउंड ज्यात भरतात तो, पत्र्याचा डबा उजेडात धरला. वरच्या कडेला दोन्ही बाजूंना चकचकीत घासल्याची खूण. हा डबा ॲक्शन आणि दस्त्याखालची पट्टी यांच्यात जरासा खुळखुळायला हवा. माझा घट्ट, कारण उंचीला नखभर जास्त. स्क्रू पूर्ण कसले की ॲक्शन दस्त्यावर बसायच्या आधी डब्यावर टेकायची आणि मधून वाकायची. कारखान्यातून स्क्रू सैलसर कसून आले असणार, म्हणून पहिले दोन महिने सुखाचे गेले. मी पुस्तिकेप्रमाणे वागलो आणि शिक्षा झाली.

कानस घरात होती. पाच मिनिटांचं काम. पण वॉरंटीत असलेल्या वस्तूवर मी कानस का चालवू? खुणेचे फोटो काढले, स्क्रू सैल-घट्ट करतानाचा व्हिडिओ जोडला आणि तीन मेल पाठवले. शेवटी ‘पुन्हा पाठवा’ आलं. परत आली तेव्हा डबा नवा होता. चिठ्ठीत लिहिलं होतं ‘नियमित तपासणी’. चूक झाली हा शब्द कुठंही नाही.

आता डबा बोटानं हलवला की टिकटिक वाजतो. तो आवाज मला फार आवडतो. पाच गोळ्यांचा ग्रुप ३२ मिलिमीटर येतोय, म्हणजे वायद्याच्या जरासा बाहेर, पण पाचांचा आहे आणि त्यात माझं दचकणं धरलेलं आहे.

त्या दचकण्यासाठी काट्यावर तोलून कपाटात टाकलेला ब्रेक शेवटी बसवला. धक्का एकदम माणसात आला. आवाज मात्र असह्य. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही लावतो, आणि रेंजवर शेजारच्याला आधी सांगतो, नाहीतर तो पुढच्या वेळी लांब जागा बघतो.

काडतुसाबद्दल एकच. १९६३ चं आहे, मागचा पट्टा (केस, म्हणजे पितळी कवच, त्याच्या बुडाभोवतीचं जाड कडं) १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंड या काडतुसाकडून आला. केसला खांदा (वरचा निमुळता उतार) नीट असल्यानं इथं त्या पट्ट्याची गरज नाही, आणि गोळी धरणारी मानही गोळीच्या व्यासापेक्षा आखूड. २०१८ च्या .३०० पीआरसी या काडतुसात हे सगळं टाळलंय. आज नव्यानं घेताना मी तिकडे बघितलं असतं. पण माझ्याकडे रिकाम्या केसचा साठा आहे, तो टाकवत नाही.

घेऊ का म्हणून विचारणाऱ्यांना: चालणं जास्त आणि गोळ्या कमी असतील तर घ्या. रेंजवर बसून दिवसाला पन्नास मारायच्या असतील तर हिच्या वाटेला जाऊ नका. घेतलीत तर पहिल्या दिवशी दस्ता काढून डबा हलवून बघा.

हिशेब अजून मिटलेला नाही. दोष शोधण्यात ४० राउंड गेले. असल्या मॅग्नमची नळी दोन हजारांच्या आसपास दमते असं धरलं, तर नळीचं दोन टक्के आयुष्य त्या डब्यानं खाल्लं. हे आकडे मांडून चौथा मेल केला आहे. उत्तर नाही. जुन्या सहा किलोच्या .३०८ ची विक्रीची जाहिरात तेवढी मी काढून टाकली.