साडेतीन तारे, त्यातला अर्धा बायकोच्या पेन्सिलीचा

मी हिशेब खात्यातला माणूस. एकवीस वर्षं रकाने भरतोय. त्यामुळे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका जोडप्याने ही आत्मिक वाढीची रोजनिशी भेट दिली, तेव्हा प्रस्तावना सोडून मी आधी तिचे रकाने मोजले. 52 आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज नव्या कराराचा, म्हणजे बायबलच्या येशूपासून सुरू होणाऱ्या दुसऱ्या भागाचा, एक अध्याय. नव्या करारात अध्याय 260 आणि 52 गुणिले 5 बरोबर 260. असं काही चोख जुळलं की मला उगाचच आनंद होतो.

याआधी वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा संकल्प मी चारदा सोडलाय. एकूण अध्याय 1189, म्हणजे रोजचे तीन-चार. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक झपाट्याने होतं, दुसऱ्या निर्गमचा पूर्वार्धही. मग देवाच्या निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात आणि तिसऱ्या पुस्तकाच्या, लेवीयच्या तेराव्या अध्यायात, त्या त्वचेवरच्या चट्ट्यांपाशी, माझी गाडी रुतते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय, तिसऱ्या दिवशी दहा. थकबाकी चढत जाते आणि एके दिवशी आपण खातंच बंद करतो.

या वहीत तारखा नाहीत. ‘आठवडा 7, दिवस 3’ एवढंच छापलंय. तुम्ही दहा दिवस आजारी पडलात तरी उठल्यावर आठवडा 7, दिवस 3च तुमची वाट बघत असतो. वही ज्याने कोणी आखली त्याला माणूस कळतो. शनिवारचं पान कोरं, राहिलेलं वाचायला. रविवारी आत्मपरीक्षण. सुरुवातही नव्या करारातलं पहिलं पुस्तक मत्तय, त्याच्या वंशावळीने होत नाही, दुसऱ्या मार्कपासून होते. मग प्रेषितांची कृत्ये, मग गलती, इफिस ही पौलाची पत्रं आणि पुढे बाकीचं.

कागद जाड आहे, शाईचं पेन पलीकडे उमटत नाही. शिलाई चांगली, वही सपाट उघडते. रोज लिहायला सहा ओळी. मला त्या पुरतात, बायकोला पुरल्या नसत्या. टीपांचा टाइप मात्र फारच बारीक आहे. पहाटे, चष्मा सापडायच्या आधी, त्या टीपा म्हणजे मुंग्यांची रांग.

आता तक्रार. गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय दहाव्या आठवड्यात येतो, आणि तिथपासून दर रविवारी एक तक्ता सुरू होतो. मथळा ‘नऊ फळे’. खाली प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. प्रत्येकापुढे चौकोन, त्यात दहापैकी गुण भरायचे.

वचनात ‘फळे’ नाही, ‘फळ’ आहे. ग्रीकमध्ये ‘कार्पोस’, एकवचन. आपल्या मराठी शास्त्रातही एकवचनच. तीनच ओळी वर देहस्वभावाची ‘कर्मे’ येतात ती अनेकवचनी: कलह, मत्सर, राग, तट. म्हणजे कामं मोजता येतात, फळ एकच असतं आणि ते लागतं. मला प्रीतीत आठ आणि सौम्यतेत चार, असं होत नाही. सौम्यता चारच असेल तर त्या प्रीतीच्या आठाची मी फेरतपासणी करीन. पण हे शहाणपण आज सुचतंय. तेव्हा चौकोन दिसले आणि मी खुशीत भरायला बसलो.

अकराव्या आठवड्याचा शुक्रवार: इफिस 5. त्या दिवसाची टीप वहीतली सर्वांत सरस, केवळ तिच्यासाठी मी एक तारा देईन. ‘आत्म्याने परिपूर्ण व्हा’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. मला वाटायचं, ही एखाद्या मोठ्या संध्याकाळी घडणारी गोष्ट आहे, ज्यांना घडली त्यांना घडली. टीप सांगते की मूळ क्रियापद वर्तमानकाळी आहे, म्हणजे एकदा भरलं आणि झाकण लावलं असं नाही, होत राहायचं. ते कर्मणी आहे, म्हणजे भरणारा दुसरा, आपण भरून घ्यायचं. आज्ञार्थी आहे, म्हणजे ज्याला आवड त्याने, अशी सवलत नाही. आणि अनेकवचनी आहे. हे शेवटचं मराठीत निसटतं. ‘व्हा’ म्हटलं की आपण पाळकसाहेबांनाही म्हणतो आणि शंभर जणांनाही. मी आजवर ते एकट्या माझ्यासाठीच, आणि जरा आदरार्थी, धरत आलो होतो.

त्याच्या पुढच्या ओळी वाचा. परिपूर्ण झालेल्या माणसांचं लक्षण काय, तर एकमेकांशी स्तोत्रं-गीतांनी बोलणं, उपकारस्तुती, एकमेकांच्या अधीन होणं. आणि तिथून पौल थेट घरात शिरतो: नवरा, बायको, मुलं, बाप.

त्याच रविवारी उपासनेला निघताना मुलाचा एक बूट सापडेना. मी खाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होतो. एकदा नाही, पाच-सहा वेळा, शेवटचा चांगला लांब. तो एका पायात बूट आणि एका हातात बूट असा खाली आला. वाटेत कोणी कोणाशी बोललं नाही. उपासनेत मी ‘ये पवित्र आत्म्या’ अशा अर्थाचं गीत डोळे मिटून म्हटलं. रात्री तक्ता उघडला, थोडा विचार केला आणि सहनशीलतेपुढे सात लिहिलं. सातच लिहिल्याबद्दल मला स्वतःच्या नम्रतेचं कौतुकही वाटलं.

सोमवारी पहाटे वही उघडली तर त्या साताच्या शेजारी पेन्सिलीने, बारीक अक्षरात: ‘3. हॉर्न.’

आणि त्या सोमवारचा पाठ होता इफिस 6. चौथ्या वचनात बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका. वही छापणाऱ्यांना माझा हॉर्न ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी त्या सहा ओळींत काहीच लिहिलं नाही. मुलगा उठल्यावर त्याची माफी मागितली, फार वाईट जमली, ‘पण तूही बूट जागेवर’ असं मध्येच तोंडातून गेलं. तो ‘हं’ म्हणाला.

तिथून पुढे वही बायकोच्या उशाशी ठेवायला लागलो. रविवारचे गुण तीच देते.

प्रार्थनेची पानं मागे आहेत, दोन रकाने: ‘मागितले’ आणि ‘उत्तर’. मला ती जमा-खर्चासारखी वाटून सुरुवातीला हसू आलं होतं. पण एक सांगतो. दुसऱ्या आठवड्यापासून मी तिथे सतत एकच ओळ लिहीत होतो, साहेबांची बदली व्हावी म्हणून. तिसाव्या आठवड्यात मागची पानं चाळताना लक्षात आलं की ती ओळ सतराव्या आठवड्यानंतर मी लिहिलेलीच नाही. साहेब तिथेच आहेत, तसेच आहेत. समोरचा रकाना रिकामा आहे. त्यात काय लिहावं मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या करिंथ पत्राच्या 12 ते 14 अध्यायांना वही तीन दिवसांत उरकते. कृपादानं (आत्म्याने दिलेल्या देणग्या), अन्य भाषांत बोलणं, देवाचा संदेश देणं या विषयांवर प्रश्न इतके गुळगुळीत की कोणत्याच मंडळीचं मन दुखू नये. मधला तेरावा अध्याय, प्रीतीचा, तेवढा मनापासून केलाय. बाजू घ्यायची नसेल तर घेऊ नये, पण लोक कशावरून भांडतात ते तरी सांगावं.

मोठी उणीव वेगळीच. क्रियापद अनेकवचनी आहे हे वहीनेच शिकवलं, आणि अख्ख्या वहीत दुसऱ्या माणसासाठी एक ओळ नाही. कोणासोबत वाचलं, कोणाला कबूल केलं, कोणाचं ओझं उचललं, काही नाही. पौलाच्याच कलस्सै पत्रातलं 3:16 वाचताना मला जाणवलं की तिथे जवळपास इफिससारखीच यादी आहे, स्तोत्रं, गीतं, उपकारस्तुती, मग घरची नाती. फक्त सुरुवात ‘आत्म्याने परिपूर्ण’ ऐवजी ‘ख्रिस्ताचं वचन तुमच्यात भरपूर राहो’ अशी. म्हणजे वचन आणि आत्मा ही दोन वेगळी खाती नव्हेतच. आणि तिथेही ‘एकमेकांना शिकवा, बोध करा’ आहे. ती टीप वहीत हवी होती, नाही. माझ्या अक्षरात समासात आहे.

आणि शेवटचं पान! सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र. ‘मी आत्म्याने परिपूर्ण जीवन जगत आहे.’ खाली नाव, सही, दिनांक. सतत होत राहायच्या गोष्टीचा दाखला, तोही स्वतःच स्वतःला द्यायचा. दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी ऑफिसात साध्या व्हाउचरवर सही करत नाही. पान तसंच कोरं आहे.

कोणी घ्यावी? ज्यांचं वाचन वारंवार सुटतं त्यांनी डोळे झाकून घ्यावी. रोज तासभर मनन करणाऱ्यांना ही तोकडी पडेल. ज्यांना माझ्यासारखी टिक करायची खोड आहे त्यांनी घ्यावी, पण वही घरच्यांपासून लपवू नये.

मला 52 आठवड्यांच्या वहीला पंधरा महिने लागले. दुसरी प्रत आली आहे. ‘नऊ फळे’मधला ‘ळे’ पहिल्याच तक्त्यावर खोडून ‘ळ’ केलाय, पुढचे त्या-त्या वेळी करीन. पेन्सिल बायकोने टोक करून आत ठेवली आहे. परवा मुलगाही पेन्सिल मागत होता. अजून दिलेली नाही.