चढावर मॅन्युअल गाडी उचलायची: नुसत्या पायाने, हिल होल्डवर की हँडब्रेकवर?

चढावर थांबलेली गाडी मागे न सरकवता पुढे काढायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्ही चालतात, हे आधीच सांगतो, कारण या विषयावर लोक फार तावातावाने बोलतात. क्लच कसा सोडायचा, बाइटिंग पॉइंट म्हणजे काय, हे तुम्हाला माहितीये असं धरून चालतोय. प्रश्न एवढाच की कुठली पद्धत अंगवळणी पाडायची, आणि गाडीच बदलणार असाल तर हँडब्रेकचा दांडा असलेली बघायची की बटणवाली, म्हणजे दांड्याऐवजी बटणाने लागणाऱ्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकची. मी तिन्ही प्रकारांनी बरीच वर्षं चालवलंय, घाटात, पार्किंगच्या रॅम्पवर, पावसात, गाडी भरलेली असताना, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मोजमाप वगैरे नाही, माझा अनुभव आहे.

आधी नुसत्या पायाची पद्धत. उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लच हळूहळू वर आणायचा, इंजिनचा आवाज जड झाला आणि बोनेट जरासं उचललं की ब्रेक सोडून पाय झटकन ॲक्सिलरेटरवर. डिझेल गाडीत हे खरंच छान जमतं, कारण आयडलिंगलाच ताकद भरपूर असते, हलक्या चढावर रेस न देताही गाडी निघते. छोट्या पेट्रोल इंजिनला मात्र तेवढी ताकद खालच्या आरपीएमला नसते, टर्बो पेट्रोल असेल तर टर्बो जागा व्हायच्या आधीचा तो क्षण अजूनच पोकळ लागतो. आणि उंचावर गेलात की बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटरला ढोबळमानाने १० टक्के ताकद गमावतं, म्हणजे खाली मैदानात जो क्लचचा अंदाज पक्का बसलेला असतो तो वर डोंगरात थोडा फसतो.

या पद्धतीत पाय एका पेडलवरून दुसऱ्या पेडलवर जाईपर्यंत गाडी फक्त क्लचच्या भरवशावर असते. १२०० किलोची गाडी २० टक्के चढावर उभी असेल तर तिला मागे खेचणारा जोर जवळपास २३५ किलोंचा असतो. क्लच पुरेसा धरला नसेल तर अर्ध्या सेकंदात गाडी वीतभर मागे येते, पूर्ण सेकंद गेला तर जवळजवळ मीटरभर. मागचा माणूस वीतभर जागा सोडतो, मीटरभर सोडेलच असं नाही. म्हणून मग आपण क्लच जरा जास्तच वर आणून ठेवतो, इंजिन दबतं, गाडी बंद पडायला आली की घाईत रेस, आणि मग तो क्लचचा वास. हलका चढ, मोकळा रस्ता, ओळखीची गाडी असेल तर ही पद्धत सगळ्यात पटकन होते, मीसुद्धा तिथे तीच वापरतो. पण खड्या चढावर, मागे गाडी चिकटलेली असताना, मुख्य पद्धत म्हणून मी ती सुचवणार नाही.

आता हिल होल्ड. चांगली सोय आहे, तिला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. गाडीतला सेन्सर चढ ओळखतो, तुम्ही ब्रेकवरून पाय काढला तरी ब्रेकच्या लाइनमधला दाब साधारण दोन सेकंद तसाच धरून ठेवतो, तेवढ्यात तुम्ही निघायचं. नवीन शिकणाऱ्याची अर्धी भीती यानेच जाते. हात लागत नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, वळणाच्या चढावर त्याचा फायदा मोठा आहे. रिव्हर्समध्ये चढावर मागे जायचं असेल तरी बहुतेक गाड्यांत ते काम करतं, आणि रॅम्पवरून उलटं वर जाताना, मान मागे वळवलेली असताना, याच्याइतकी सोय दुसऱ्या कशात नाही हे मान्य करायलाच हवं.

माझं घोडं अडलं ते त्या दोन सेकंदांवर.

घाटातली रांग डोळ्यासमोर आणा. पुढचा ट्रक हलतो, तुम्ही ब्रेक सोडता, क्लच वर आणायला लागता, आणि तेवढ्यात ट्रक पुन्हा थांबतो. आता तुम्ही पुढे जाऊ शकत नाही, क्लच अर्धवट आहे, ब्रेकवर पाय नाही, आणि आत कुठेतरी घड्याळ चालू आहे जे तुम्हाला दिसत नाही. दोन सेकंद संपले की दाब सुटतो, काही गाड्यांत हळूहळू तर काहींत बऱ्यापैकी एकदम. म्हणजे नेमकं जिथे शांतपणे थांबून बघायचं असतं तिथेच ती सिस्टीम घाई करायला लावते. पुन्हा ब्रेक दाबायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा दोन सेकंद. एकदा ठीक आहे, पण रांग लांबलचक असेल तर पायाला आणि डोक्याला दोन्हीकडे ताण येतो आणि शेवटी माणूस दोन सेकंदात निघायचंच म्हणून क्लच फटकन सोडायला लागतो, गाडी झटका देते, मागे बसलेल्यांच्या माना हलतात. स्मूथ निघणं हा मूळ उद्देशच मग बाजूला राहतो.

दुसरं, त्याला लागून असलेलंच दुखणं: ती सिस्टीम चालू झालीये की नाही हे कळत नाही. ठरावीक उतारापेक्षा चढ कमी असेल तर ती धरतच नाही, आणि तो ठरावीक उतार प्रत्येक गाडीत वेगळा. काही गाड्यांत ब्रेक जरा जोरात दाबावा लागतो, काहींत डॅशबोर्डवर दिवा लागतो, बऱ्याच गाड्यांत काहीच दिसत नाही. म्हणजे मधल्या प्रकारच्या चढावर, जो धड सपाट नाही आणि धड खडा नाही, तुम्ही पाय उचलता तेव्हा गाडी धरेल की सरकेल हे पाय उचलल्यावरच समजतं. रोज एकच गाडी चालवत असाल तर महिन्याभरात अंदाज येतो, हे खरंय. पण गाडी बदलली की अंदाज पुन्हा शून्यावर. मला हे शेवटपर्यंत खटकत राहिलं.

गंमत म्हणजे ही कल्पना जुनी आहे आणि जुनी जास्त समजूतदार होती. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ मध्ये हिल होल्डर नावाने अशी सोय दिली होती, तिथे सेकंदांचा हिशेबच नव्हता: चढावर थांबलात की क्लच दाबलेला आहे तोवर ब्रेक धरलेला, क्लच सोडलात की ब्रेक सुटला. सुबारूनेसुद्धा पुढे आपल्या मॅन्युअल गाड्यांत तसंच काहीसं दिलं. पुढच्याला हवं तेवढा वेळ घेऊ दे, गाडी तुमच्या डाव्या पायाचं ऐकणार. आताच्या गाड्यांत ऑटो होल्ड नावाचं बटण असेल तर ते या वागण्याच्या जवळ जातं, ते टायमरवर सुटत नाही, तुम्ही निघेपर्यंत धरून राहतं. मॅन्युअलमध्ये ते फार गाड्यांना मिळत नाही, पण मिळत असेल तर नुसत्या हिल होल्डपेक्षा कितीतरी बरं.

आणि आता हँडब्रेक. दांड्याचा, केबलचा, साधा.

थांबलात की ओढा, दोन्ही पाय मोकळे. निघायचं म्हटल्यावर पहिला गिअर, उजव्या पायाने रेस थोडी देऊन स्थिर ठेवायची, पेट्रोलला साधारण १५०० ते २००० आरपीएम, चढ खडा असेल किंवा गाडी भरलेली असेल तर वरच्या बाजूला, डिझेलला त्याहून कमीत भागतं. मग क्लच हळूहळू वर. इथे जे होतं ते नीट बघण्यासारखं आहे: क्लच पकडायला लागला की इंजिनचा सूर खाली उतरतो, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत नाक किंचित वर येतं आणि मागची बाजू दबल्यासारखी होते, कारण पुढची चाकं पुढे ओढतायत आणि मागची हँडब्रेकने बांधलेली आहेत. हा क्षण आला की डावा पाय तिथेच थांबवायचा. दांड्याचं बटण अंगठ्याने आधीच दाबून ठेवलेलं असतं, दांडा जरासा वर उचलून मग खाली सोडायला लागायचं, हळूहळू, एकदम टाकून द्यायचा नाही. गाडी स्वतःहून पुढे सरकायला लागते, मागे एक बोटभरसुद्धा येत नाही, आणि मग क्लच पूर्ण.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे की वेळ माझ्या हातात असतो, अगदी शब्दशः हातात. पुढचा ट्रक पुन्हा थांबला? दांडा परत वर, क्लच खाली, संपलं. दोन सेकंद असो नाहीतर दोन मिनिटं, गाडीला फरक पडत नाही. थांबलेलं असताना क्लच अर्धवट धरून गाडी टेकवून ठेवायचा मोह होत नाही, म्हणजे क्लच प्लेटचं आयुष्य वाढतं, आणि ब्रेक दाबून ठेवून पाय भरून येत नाही. चालू आहे की नाही हा प्रश्न तर येतच नाही, दांडा वर आहे म्हणजे धरलंय. आणखी एक गोष्ट जी कमी लोक बोलतात: चढावर वजन मागच्या चाकांवर जास्त जातं आणि हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो, त्यामुळे ओल्या रस्त्यावर किंवा बारीक खडीवरसुद्धा पकड चांगली मिळते. पुढची चाकं मात्र चढावर हलकी झालेली असतात, म्हणून अशा जागी रेस जास्त दिली की ती जागेवरच फिरतात. तिथे रेस कमी, क्लच अजून सावकाश.

तोटे आहेत, नाकारत नाही. एक हात गुंततो, वळणावरच्या चढात स्टिअरिंग एका हाताने सांभाळावं लागतं. शिकताना हात, डावा पाय, उजवा पाय या तिघांचा मेळ बसायला वेळ लागतो, हिल होल्डवर पहिल्याच दिवशी जमतं तसं इथे जमत नाही. रांग सरकती असेल तर सारखं वर-खाली करून काहींना कंटाळा येतो, मला नाही येत पण येऊ शकतो. आणि केबल ढिली झाली असेल तर ही पद्धत उपयोगाची नाही. दांडा जवळजवळ सरळ उभा राहीपर्यंत ओढावा लागत असेल किंवा नेहमीपेक्षा दोन-तीन टकटक जास्त वाजत असतील तर आधी केबल ॲडजस्ट करून घ्या, मागचे ब्रेक शू बघायला सांगा, मगच चढावर त्याच्यावर विसंबा. चांगल्या स्थितीतल्या पार्किंग ब्रेकने भरलेली गाडी २० टक्के उतारावर धरून ठेवावी अशी संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांत अटच आहे, तेव्हा नेहमीच्या घाटात तो कमी पडत असेल तर दुखणं पद्धतीचं नाही, गाडीचं आहे.

बटणवाल्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकबद्दल थोडंसं. सीट बेल्ट लावलेला असेल तर बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लच पकडला आणि रेस दिली की तो आपोआप सुटतो, आणि बहुतेक वेळा बरोबर सुटतो. पण कधी सोडायचं हे गाडी ठरवते, आणि मी चालवलेल्या गाड्यांत तो सुटताना एक बारीकसा हिसका जाणवायचा, जो दांडा हाताने सोडताना येत नाही. सवयीचा भाग असेल, काहींना तो जाणवतही नसेल.

तर निवडायचं झालं तर माझं मत असं. रोजचा रस्ता बराचसा सपाट, अधूनमधून एखादा फ्लायओव्हर किंवा रॅम्प, आणि एकच गाडी कायम चालवणार असाल, तर हिल होल्ड पुरेसं आहे, त्यात कमी वाटून घेण्यासारखं काही नाही. घाटातली रांग, भरलेली गाडी, खडा चढ हे वरचेवर वाट्याला येत असेल, तर दांडा असलेली गाडी बघा. दोन्ही असलेली मिळाली तर फारच उत्तम: थांबल्यावर दांडा ओढून पाय ब्रेकवरून काढला की हिल होल्डचे दोन सेकंद केव्हाच संपून गेलेले असतात, मग निघणं पूर्ण तुमच्या हिशेबाने. आणि शोरूममधून टेस्ट ड्राइव्हला काढाल तेव्हा सपाट रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका, जवळपास जो सापडेल तो चढ गाठा, मध्येच थांबा, ब्रेक सोडून मुद्दाम निघायला उशीर करा आणि गाडी किती वेळ धरते, सुटताना कशी सुटते ते बघा. मागे कोणी नाही ना, एवढं आधी आरशात बघून घ्या.