शिकारीची मोठी सॅक: येतानाच्या वजनावर निवडा

कोलोरॅडोत पहिल्यांदा एल्कच्या शिकारीला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सॅक किती लिटरची घेऊ?" मीही तोच विचारला होता. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला दुसरा प्रश्न सुचतच नाही. रतनगडावरून कात्राबाईची खिंड करत हरिश्चंद्रगडाला जाताना सॅक पहिल्या दिवशी जड आणि शेवटच्या दिवशी हलकी, कारण शिधा संपत आलेला असतो. इथे गणित उलटं आहे. नशीब फळफळलं तर खरं ओझं परतीच्या वाटेवर येतं. म्हणून आधी किलो बघा, लिटर नंतर.

एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ म्हणा. पूर्ण वाढलेला नर ७०० पौंडांच्या आसपास भरतो. हाडं काढून टाकली तरी मांस २०० पौंडांच्या घरात जातं, म्हणजे नव्वदेक किलो. ते सोडून येता येत नाही. चारही तंगड्या, कण्यालगतचं मांस आणि आतल्या बाजूच्या दोन मऊ पट्ट्या एवढं तरी उचललंच पाहिजे, असा कोलोरॅडोचा नियम आहे. बरं, हातगाडीवर घालून ओढत आणू म्हणाल, तर १९६४ च्या कायद्याने राखलेल्या 'वाइल्डरनेस' भागात सायकलसुद्धा चालत नाही, तिथे हातगाडी कुठली! भाड्याचं खेचर परवडत नसेल तर उरते आपली पाठ.

समजा गाडीपासून चार मैल आत जनावर पडलं आणि तुम्ही एकटे आहात. सत्तर-सत्तर पौंडांच्या तीन खेपा धरल्या तर तीनदा भरल्या पाठीने बाहेर आणि दोनदा रिकामं आत, म्हणजे वीस मैल. तेही दहा हजार फुटांवर, तंबू-बिछाना वेगळाच. हा हिशोब कागदावर मांडल्याशिवाय दुकानात पाऊल टाकू नका. आणि आपण मैलभरापेक्षा आत जाणारच नाही असं त्यातून निघालं, तर तेही उत्तर चांगलंच आहे. पैसे वाचतील.

जुनी ट्रेकिंगची सॅक

पहिल्या वर्षी मी भारतातून आणलेली ६५ लिटरची सॅकच नेली होती. परवाना शेजाऱ्यांचा होता, माझं काम ओझं वाहायचं. त्यांनी मागची एक तंगडी हाडासकट माझ्या सॅकमध्ये उतरवली. साधारण साठ पौंडांचा तो गोळा सरळ तळाशी जाऊन बसला आणि मला मागे ओढायला लागला. पाठीमागची ॲल्युमिनियमची पट्टी बाकदार झाली. कंबरपट्टा दर शंभर पावलांनी घसरून मांड्यांवर येत होता आणि दुसऱ्या मैलाला खांद्यावरच्या वजन ओढून धरणाऱ्या पट्टीची शिवण फाटली. कंपनीचा दोष नाही, ती सॅक वीस-बावीस किलोंसाठीच शिवलेली होती.

रक्त लागू नये म्हणून मांसाच्या कापडी पिशवीवरून कचऱ्याची प्लास्टिक पिशवी चढवली, हे तर त्याहून वाईट. जनावराच्या अंगची उष्णता आतच कोंडते आणि सप्टेंबरच्या दुपारी मांस हाडाजवळून खराब व्हायला लागतं. ते वाचलं, कारण त्या दिवशी थंडी होती.

तरीही ही सॅक टाकून देऊ नका. मुक्काम गाडीजवळ असेल, दिवसभर फिरून रात्री परतायचं असेल आणि बरोबर ओझ्याची सॅक असलेला जोडीदार असेल, तर पहिलं वर्ष यावर निघतं. शिकार आपल्याला झेपते की नाही हे कळायच्या आत सातशे डॉलर घालवण्यात अर्थ नाही.

बाहेरच्या सांगाड्याची

ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा उघडा सांगाडा, त्याला पट्टे. कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी १९५२ साली असे सांगाडे विकायला सुरुवात केली. अलास्कात मूस, म्हणजे एल्कहूनही मोठं हरीण, वाहून आणणारे लोक आजही याच जातीचा सांगाडा वापरताना दिसतात, आणि ते उगाच नाही. काहीही बांधा, कसंही बांधा, वजन सरळ कंबरेवर उतरतं. पाठीला वारा लागतो. किंमतही पुढे येणाऱ्या तिसऱ्या, मधल्या कप्प्याच्या प्रकाराच्या निम्म्याच्या आसपास.

खटकतं ते चालताना. नळ्या कुरकुरतात, फांदीला लागल्या की टण्ण आवाज येतो. एल्कचे कान असे की तेवढ्यात कळप पुढच्या डोंगरावर. कोलोरॅडोच्या जंगलात किड्यांनी वाळवलेली झाडं आडवीतिडवी पडलेली असतात, त्यांच्यावरून पाय टाकताना डोक्यावर निघालेला सांगाडा अडकतो आणि आपण मागच्या मागे. म्हणून माझ्या मते हा सांगाडा पाठीवर घेऊन शिकार करू नये. तो गाडीत ठेवावा आणि जनावर पडल्यावर आणायला यावं. मुक्कामापासून जवळपास शिकार करणाऱ्यांना एवढं पुरतं.

मधल्या कप्प्याची

याला इथे लोक 'लोड शेल्फ' म्हणतात. सांगाडा पाठीलगत, पिशवी त्याच्या बाहेर, आणि दोन्हींमधले बकल सैल केले की मधे जागा उघडते. मांस त्या जागेत, कण्याच्या अगदी जवळ बसतं; पिशवी वरून आवळून घ्यायची. दोन कामं एकदम होतात: वजन मागे ओढत नाही आणि रक्त कपड्यांना लागत नाही. मिस्टरी रँच, स्टोन ग्लेशियर, किफारू, एक्सो ही या प्रकारात नेहमी कानावर पडणारी नावं. पहिल्या दोघी मूळच्या मोंटानातल्या बोझमनच्या, किफारू मूळची कोलोरॅडोची, एक्सो आयडाहोतल्या बॉयसीची. किफारूत सांगाडा आणि पिशवी वेगवेगळे विकत घेता येतात, म्हणजे एकाच सांगाड्यावर आज लहान आणि पुढच्या वर्षी मोठी पिशवी चढवता येते. मिस्टरी रँचमध्ये खांद्याचा भाग पाठीच्या लांबीप्रमाणे वरखाली सरकतो. घरात दोघांनी एक सॅक वापरायची असेल तर हे सोयीचं. एक्सोचा जोर टायटॅनियमच्या सांगाड्यावर आहे.

यात दोन तट आहेत. एक म्हणतो सॅकच साडेचार पौंडांची हवी, उरलेलं वजन मांसात घ्या. दुसरा म्हणतो सात पौंडांची असू दे, पण कंबरपट्टा जाड आणि कापड दणकट हवं. मी आधी पहिल्या तटात होतो. शंभर पौंडांच्या एका खेपेनंतर दुसऱ्या तटाकडे झुकलोय. रिकाम्या सॅकमधला अडीच पौंडांचा फरक सकाळी चढताना जाणवतो खरा, पण पातळ पट्ट्याने मांडीची बाहेरची बाजू बधिर झाली की तो फरक आठवतही नाही. ही बधिरता घट्ट पट्ट्याखाली नस दाबल्याने येते. माझी आठवडाभर राहिली होती.

लिटरचं आता सांगतो. बऱ्याच कंपन्या घनइंचांत मोजतात. १००० घनइंच म्हणजे साधारण १६ लिटर. पाच दिवस पाठीवर घर घेऊन फिरणाऱ्याला ५००० घनइंच, म्हणजे ८२ लिटर, भरपूर होतात. मांस मधल्या कप्प्यात जात असल्याने पिशवी त्याहून मोठी घ्यायची गरज नाही. ११५ लिटरच्या पिशव्याही मिळतात. त्या दहा दिवसांच्या अलास्का मोहिमेला ठीक. मोठी पिशवी घेतली की माणूस ती भरतोच, लग्नाला निघालेल्या बॅगेसारखी. त्यापेक्षा ८२ लिटरची पिशवी दिवसा आवळून सपाट होते का ते बघा, कारण शिकारीचे सगळे तास ती तशीच पाठीवर असणार.

उंचीचा प्रश्न

आपल्या लोकांसाठी हा मुद्दा महत्त्वाचा आहे. सांगाड्याची उंची बहुतेक ठिकाणी २२, २४ किंवा २६ इंच असते. दुकानातला सहा फुटी माणूस सव्वीसचं गुणगान करतो, त्याचं त्याला बरोबरही असतं. मी साडेपाच फूट. माझ्या पाठीवर सव्वीस इंची सांगाडा टोपीला मागून धडकतो आणि दुर्बिणीतून वर बघायला मान जात नाही.

पाठ मोजायची ती उंचीवरून नाही. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड ठळक लागतं तिथपासून, कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. सांगाडा खांद्यापेक्षा थोडा वर यायला हवा, म्हणजे वजन ओढणारी पट्टी खांद्यापासून तिरकी वर जाते. ती आडवी गेली तर सांगाडा आखूड आहे आणि सगळं ओझं खांद्यावर येणार. कंबरपट्टा हाडाच्या कडेवर बसला पाहिजे, पोटावर नाही, आणि पुढे दोन्ही गाद्यांमध्ये चार बोटं तरी जागा उरायला हवी. आताच गाद्या एकमेकींना टेकत असतील तर पाचव्या दिवशी, पोट आत गेल्यावर, आवळायला काही उरत नाही.

घरी परीक्षा

दुकानात वाळूची उशी घालून दोन फेऱ्या मारून काहीच कळत नाही. परत करायची मुदत विचारून घ्या, सॅक घरी आणा आणि लेबल न काढता हे करा.

भारतीय दुकानातून २० पौंडांच्या आट्याच्या तीन पिशव्या आणा. त्या मांसाच्या कापडी पिशवीत घालून मधल्या कप्प्यात, दोन फऱ्यांच्या मधे येतील अशा उंचीवर बसवा. आटा तांदळापेक्षा बरा, कारण तो मांसासारखा खाली बसतो आणि पट्टे सैल पडतात की नाही ते लगेच दिसतं. फक्त पिशव्यांना बाहेरून आणखी एक वेष्टण घाला. माझी एक जिन्यातच फुटली. काळ्या कंबरपट्ट्याच्या शिवणींत शिरलेला आटा निघता निघेना, वर ओलं फडकं फिरवल्यावर त्याची कणीक झाली. ती सॅक अर्थातच परत करता आली नाही, ठेवून घ्यावी लागली. सुदैवाने तीच बरी निघाली.

साठ पौंड चढवून तासभर चाला, जिने असतील तर उत्तम. वीस मिनिटांनी खांद्याचे पट्टे पूर्ण सैल सोडा. सॅक जागेवर राहिली आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकली, तर वजन कंबरेवर आहे. पट्टा तासाभरात किती वेळा पुन्हा आवळावा लागला ते मोजा. एकदा-दोनदा चालतं, सहा वेळा आवळावा लागला तर ती सॅक तुमच्या कंबरेची नाही.

मग जमिनीवर बसून ती पाठीवर घ्या, गुडघ्यावर या आणि कुणाची मदत न घेता उठा. एकट्याला उठता आलं नाही तर वजन कमी करून बघा. जे वजन घेऊन उठता येतं तीच तुमची खेप. तीन खेपांच्या चार झाल्या तर झाल्या.

रात्री दिवा बंद करून, हातमोजे घालून सगळे बकल उघडा आणि लावा. एल्क बहुधा संध्याकाळीच पडतो आणि पुढचं सगळं काम कपाळावरच्या दिव्यात होतं. चेन बर्फात गोठते, म्हणून तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी मला आवडते.

कापडाची परीक्षा नखाने. शांत खोलीत खरवडून बघा. कॉर्ड्युरा नायलॉन मऊ आवाज करतं पण पाणी पितं; एक्स-पॅकसारखी थर चिकटवलेली कापडं पाणी अडवतात पण चुरचुरतात. धनुष्यबाण घेऊन वीस-तीस यार्डांवर जाणाऱ्याने कॉर्ड्युरा घ्यावं. बंदूकवाल्याला चुरचुर चालून जाते.

बंदुकीच्या हंगामात आणखी एक गोष्ट, दुकानात कुणी सांगत नाही. कोलोरॅडोत कंबरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड लागतं, त्यातच टोपीही आली, आणि ती सगळ्या बाजूंनी दिसली पाहिजे. मोठी सॅक चढवली की पाठीवरचं नारिंगी जाकीट झाकून जातं. मी सॅकवरून नारिंगी पावसाळी आच्छादन घालतो आणि शिंगं बांधली असतील तर त्यांनाही नारिंगी फीत. जंगलात शिंगं घेऊन झाडांमधून चालणारा माणूस लांबून कसा दिसतो याचा विचार करा.

मग कुठली?

गाडीजवळ मुक्काम, जोडीदार आणि पहिलंच वर्ष असेल तर जुनी सॅक पाठीवर आणि बाहेरचा सांगाडा गाडीत, तोही जुना मिळाला तर बघा. दोन मैलांच्या आत, पण एकटे असाल तर मधल्या कप्प्याची सॅक, ५०-६० लिटरची पिशवी. पाठीवर घर घेऊन चार-पाच मैल आत जाणार असाल तर मधल्या कप्प्याचीच, ८० लिटरची, जाड कंबरपट्ट्याची. या तिसऱ्यात पाचशे ते आठशे डॉलर जातात. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद असल्याने हा खर्च तिकडच्या मित्रांना मूर्खपणा वाटतो. हिमालयात स्वतःचं सामान स्वतः वाहणाऱ्यांना मात्र कंबरपट्ट्याचं सगळं म्हणणं जसंच्या तसं लागू आहे.

शिकारीच्या परवान्यांच्या सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. परवाना लागल्याचं कळलं की त्याच आठवड्यात सॅक मागवा, म्हणजे आट्याच्या पिशव्या घेऊन चालायला उन्हाळा हाताशी राहतो. आणि शिकारीनंतर रक्ताचे डाग थंड पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने ते पक्के बसतात, आणि पुढच्या वर्षी गॅरेज उघडं राहिलं तर अस्वल आधी त्या सॅकपाशी येतं.