एनएस-३ वापरायचे असेल, तर कागद-पेन्सिल जवळ असू द्या

गोव्यात अभियांत्रिकीला नेटवर्किंग शिकणाऱ्या मुलांची सिम्युलेशनशी, म्हणजे संगणकावर नेटवर्कची नक्कल चालवण्याशी, पहिली ओळख बहुधा सिस्कोच्या पॅकेट ट्रेसरमुळे होते आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प समोर आला की मग कोणीतरी एनएस-३ चे नाव काढतो. डिचोली-वाळपईपासून काणकोणपर्यंतची मुले याच वळणावर अडलेली मी पाहत आलो आहे, म्हणून हे परीक्षण नवशिक्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. एनएस-३ हे नेटवर्कचे सिम्युलेशन करणारे विनामूल्य आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे, जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळते, त्याचे काम २००६ साली सुरू झाले आणि पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली. त्याच्या अचूकतेबद्दल माझी तक्रार नाही. मात्र ते वापरणाऱ्याचा हात धरत नाही, आणि आकडा चुकीच्या गृहीतकावर उभा असला तरी तोही तितक्याच शांतपणे पडद्यावर छापते.

ज्याला राउटरच्या कमांड शिकायच्या आहेत, त्याने इकडे वळूच नये. त्यासाठी पॅकेट ट्रेसर पुरेसे आहे, आणि खऱ्या राउटरची प्रणाली संगणकावर चालवून पाहायची असेल तर जीएनएस-३ आहे. नावातल्या साम्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, पण जीएनएस-३ आणि एनएस-३ यांचा परस्परांशी संबंध नाही. एनएस-३ मध्ये चित्रे ओढून जोडायची नसतात, सी++ मध्ये प्रोग्राम लिहावा लागतो (पायथनचीही सोय आहे), आणि तो चालला की एकेक घटना काळाच्या क्रमाने घडत जाते. रांग किती वाढली, पॅकेट (डेटाचे तुकडे) किती गळाले, डेटा खात्रीने पोचवणाऱ्या टीसीपीचा वेग कसा खाली-वर झाला, असले प्रश्न ज्याला पडतात त्याच्यासाठी हे साधन आहे.

पहिली अडचण बसवतानाच येते. मुलांचे लॅपटॉप बहुतेक विंडोजचे आणि आठ जीबी मेमरीचे असतात. विंडोजमध्येच लिनक्स चालवणारे डब्ल्यूएसएल वापरणे हा सर्वांत सोपा मार्ग, परंतु ते एकूण मेमरीपैकी साधारण निम्मीच स्वतःकडे घेते, आणि एनएस-३ चे कंपाइलिंग (कोडचे चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर, म्हणजेच बिल्ड) एका वेळी अनेक फायलींवर सुरू झाले की मेमरी संपते. मग पडद्यावर कंपायलर ‘किल्ड’ झाल्याचा त्रोटक संदेश येतो आणि मूल कोडमध्ये दोष शोधत बसते. वास्तविक कोडमध्ये काहीच बिघडलेले नसते. बिल्डच्या कमांडला एका वेळी एक किंवा दोनच कामे घेण्याचा पर्याय दिला की गाडी पुढे सरकते, आणि कॉन्फिगर करताना लागणारीच मॉड्यूल निवडली तर वेळही वाचतो. फोल्डर लिनक्सच्या बाजूला ठेवावे, विंडोजच्या ड्राइव्हवर नाही, कारण तिथून फायली वाचणे फार संथ होते. पावसाळ्यात विजेचा बॅकअप नसलेल्या प्रयोगशाळेत बिल्ड चालू असताना वीज गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. झालेले काम जागेवर असते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. अर्धवट लिहिलेल्या एखाद्या फाइलमुळे विचित्र त्रुटी आलीच, तर सर्व साफ करून पुन्हा बिल्ड करावे.

दुसरी अडचण जुन्या धड्यांची. इंटरनेटवर सापडणारे अनेक व्हिडिओ एनएस-२ या आधीच्या सिम्युलेटरचे असतात, त्यातल्या टीसीएल या भाषेतल्या स्क्रिप्ट इथे चालत नाहीत. जे खरोखर एनएस-३ चे असतात, त्यातलेही पुष्कळ ‘वाफ’ या जुन्या बिल्ड प्रणालीच्या कमांड दाखवतात. २०२२ मधल्या ३.३६ या आवृत्तीपासून तिची जागा सीमेक या दुसऱ्या बिल्ड प्रणालीने घेतली. तेव्हा व्हिडिओत ‘वाफ’ दिसले की तो बंद करावा, हा माझा साधा नियम आहे.

बसवून झाले की ट्युटोरियलमधला ‘फर्स्ट’ हा प्रोग्राम चालवायचा असतो, आणि या सॉफ्टवेअरची खरी लज्जत इथे आहे. दोन नोड (नेटवर्कमधली यंत्रे), मध्ये ५ एमबीपीएसची (सेकंदाला ५० लाख बिट) दुवा-वाहिनी, विलंब २ मिलिसेकंद. दुसऱ्या सेकंदाला क्लायंट १०२४ बाइटचा संदेश पाठवतो आणि तो सर्व्हरला २.००३६९ सेकंदाला मिळाल्याची ओळ दिसते. बहुतेक जण ‘चालले एकदाचे’ म्हणून पुढे जातात. इथे थांबावे आणि कागदावर मांडणी करावी: १०२४ बाइटवर प्रत्येक थराच्या नियमावलीने लावलेली शीर्षके, म्हणजे यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि पीपीपीचे २ असे मिळून १०५४ बाइट, म्हणजे ८४३२ बिट, ५ एमबीपीएसने ते वाहिनीवर चढवायला १.६८६४ मिलिसेकंद लागतात, त्यात प्रवासाचे २ मिलिसेकंद मिळवले की ३.६८६४ होतात. पडद्यावरचा आकडा तोच. सर्व्हर तोच संदेश उत्तर म्हणून परत पाठवतो, त्यालाही तेवढाच वेळ लागतो, म्हणून क्लायंटला ते २.००७३७ सेकंदाला मिळते. त्याच प्रोग्राममध्ये पीकॅप फाइल (वाहिनीवरच्या पॅकेटची नोंद) लिहिण्याची ओळ घालून ती फाइल वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या साधनात उघडली, तर १०५४ बाइटची चौकट (फ्रेम) डोळ्यांनी दिसते.

हा हिशेब ज्याने एकदा केला, त्याला पुढच्या अर्ध्या चुका आपोआप सापडतात. उदाहरणार्थ, वेग लिहिताना ‘बीपीएस’मधले बी हे अक्षर लहान असेल तर बिट आणि मोठे असेल तर बाइट धरले जातात, आणि दोन्ही रूपे सॉफ्टवेअरला मान्य आहेत. मोठे अक्षर पडले की वाहिनी आठपट वेगवान होते, कोणतीही त्रुटी येत नाही, फक्त संदेश २.००३६९ ऐवजी २.००२२१ सेकंदाला पोचतो. विलंबाचेही तसेच. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे २ मिलिसेकंद म्हणजे ४०० किलोमीटरची वाहिनी झाली. गोव्याची उत्तर-दक्षिण लांबी सुमारे १०५ किलोमीटर! पणजी ते मडगाव दुव्याचे सिम्युलेशन म्हणून प्रकल्प सादर करणाऱ्याने ट्युटोरियलमधले २ मिलिसेकंद तसेच ठेवले, तर त्याचे मडगाव राज्याबाहेर गेलेले असते. पस्तीसेक किलोमीटरच्या फायबरला ०.१७५ मिलिसेकंद पुरे.

काही बिघाड मात्र कागदावर पकडता येत नाहीत. वेग, विलंब अशा गुणधर्मांची नावे अवतरणचिन्हांत लिहावी लागतात, त्यामुळे स्पेलिंग चुकले तरी कंपायलर हरकत घेत नाही आणि प्रोग्राम चालवल्यावर कोसळतो. सुदैवाने तेव्हा येणाऱ्या संदेशात न सापडलेले नाव दिलेले असते, तो शेवटपर्यंत वाचावा. एकाहून अधिक नेटवर्क जोडताना राउटिंगची कोष्टके भरण्याची ओळ राहून गेली, तर पाठवल्याची नोंद दिसते, मिळाल्याची दिसत नाही. प्रवाहांची आकडेवारी गोळा करणारा फ्लो मॉनिटर लावला आणि सिम्युलेशन थांबवण्याची वेळ दिली नाही, तर ते कधीच थांबत नाही, कारण मॉनिटरच्या नियतकालिक घटना घडतच राहतात. लॉग (घडामोडींच्या नोंदी) चालू करूनही अक्षर उमटत नसेल, तर बिल्ड ‘ऑप्टिमाइज्ड’ प्रकारचा आहे का ते पाहावे. त्यात लॉगिंग काढून टाकलेले असते. शिकताना डीबग किंवा डिफॉल्ट बिल्डच ठेवावा आणि मोठी सिम्युलेशन करण्याच्या वेळीच तो बदलावा.

यादृच्छिक आकड्यांची बाब प्रकल्प-अहवालांत सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. एनएस-३ चे बीज (ज्यावरून यादृच्छिक आकडे तयार होतात तो सुरुवातीचा आकडा) मुळात ठरलेले असते, म्हणून तोच प्रोग्राम कितीही वेळा चालवला तरी तेच उत्तर येते. चूक शोधताना ही मोठी सोय आहे, पण एकाच उत्तराचा आलेख काढून ‘निष्कर्ष स्थिर आहे’ असे लिहिणे म्हणजे निव्वळ फसगत. बीज तसेच ठेवून रन क्रमांक (आकड्यांचा वेगळा संच निवडणारा क्रमांक) बदलत अनेकदा चालवावे, सरासरी आणि तिच्यासोबत विश्वास-अंतरालही (खरी किंमत ज्या मर्यादांत असण्याचा अंदाज आहे त्या) द्यावा. क्रमांक कमांडवरूनच बदलता येतो, त्यासाठी कोडला हात लावावा लागत नाही.

दृश्य बाजू कमकुवत आहे. नेटअ‍ॅनिम हे सोबतचे साधन ठिपक्यांची हालचाल दाखवते, ते वेगळे बिल्ड करावे लागते, आणि मौखिक परीक्षेपलीकडे त्याचा मला फारसा उपयोग दिसलेला नाही. दस्तऐवज मात्र उत्तम आहेत, जरी ते इंग्रजीत आणि विस्तृत असले तरी. आपल्या भागाला हे सॉफ्टवेअर अगदीच परके नाही. त्याची २०१८ ची वार्षिक कार्यशाळा मडगावहून कोकण रेल्वेने काही तासांवर असलेल्या सुरतकलच्या एनआयटीत झाली होती. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ आणि ‘थर्ड’ हे तीन प्रोग्राम याच क्रमाने घ्यावेत, कारण दुसऱ्यात लॅन आणि तिसऱ्यात वाय-फाय आधीच्यावरच चढवलेले आहे. स्वतःचे प्रयोग ‘स्क्रॅच’ फोल्डरमध्येच ठेवावेत, आणि मॉडेलांच्या जाडजूड पुस्तिकेतले आपल्या प्रकल्पाला लागणारे प्रकरण तेवढे उघडावे. ज्याला सत्र संपायच्या आत काहीतरी दाखवून मोकळे व्हायचे आहे आणि सी++ ची सवय नाही, त्याने पॅकेट ट्रेसरवरच राहावे, हे मी मार्गदर्शकांच्या नाराजीची जोखीम पत्करून सुचवतो.